सुट्टीतला अभ्यास: नव्या इयत्तेत जाण्याआधी काय पक्कं करायचं आणि कसं

निकाल लागला की बऱ्याच घरांत पुढच्या इयत्तेची पुस्तकं येतात. थोडं पुढचं करून ठेवलं तर वर्ष सोपं जाईल, असा पालकांचा हेतू असतो. पण प्राथमिक वर्गांत मुलाचं घोडं अडतं ते मागचं निसटल्यामुळे. तिसरीत गुणाकार जमत नाही, कारण दुसरीतली बेरीज अजून बोटांवरच चाललेली असते. चौथीत भागाकार चुकतो आणि नीट पाहिलं तर त्यातली वजाबाकी चुकलेली असते. म्हणून सुट्टीत संपलेल्या इयत्तेचं पक्कं करायचं. पुढचं पुस्तक मुलाने हौसेने चाळलं तर चाळू द्यावं, पण त्यातले धडे शिक्षकांसाठी राखून ठेवावेत. अर्धवट शिकलेला धडा वर्गात पुन्हा आला की मूल 'हे मला येतं' म्हणून लक्ष काढून घेतं, आणि अर्धवट ते अर्धवटच राहतं.

सुट्टीत सगळंच सारखं विसरलं जात नाही. अमेरिकेतल्या हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या विषयावरच्या ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. सरासरीने सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घसरण त्यात दिसली आणि सगळ्यात जास्त फटका बसला तो आकडेमोडीला आणि शब्द अचूक लिहिण्याला. याचं कारण साधं आहे. गोष्ट समजणं, कारण सांगणं, अंदाज बांधणं हे मूल दिवसभर बोलता-बोलता करत असतं. हातच्याची वजाबाकी किंवा 'सूर्य' हा शब्द अचूक लिहिणं शाळेबाहेर सहसा घडत नाही, आणि जे वापरात नसतं ते पुसट होतं. तेव्हा वेळ थोडा असेल तर तो आकडेमोड, प्रकट वाचन आणि रोजचे चार-पाच शब्द यांना द्या. बाकी सगळं त्यानंतर.

आधी चाचपणी, मग वेळापत्रक

पहिला आठवडा पूर्ण मोकळा सोडा. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, रोज २० मिनिटं, मुलाला काय येतं ते बघा. परीक्षा म्हणून नको, गुणही नकोत. त्या दोन दिवसांत शिकवूही नका. चूक दिसली की तोंडातून उत्तर निघतंच, म्हणून हातात कागद ठेवा आणि नुसतं टिपून घ्या.

वाचनासाठी संपलेल्या इयत्तेच्या पुस्तकातला, शेवटच्या काही धड्यांपैकी साधारण १०० शब्दांचा उतारा निवडा. मूल मोठ्याने वाचत असताना तुम्ही चुका मोजा. गाळलेला शब्द, भलताच वाचलेला शब्द आणि तुम्हाला सांगावा लागलेला शब्द या तिन्ही चुका धरा. स्वतःहून सुधारून घेतलेला शब्द चूक धरू नका, ते तर चांगलं लक्षण आहे. पाचपर्यंत चुका असतील तर या पातळीची पुस्तकं मूल एकटं वाचू शकेल. सहा ते दहा असतील तर शेजारी बसावं लागेल. दहाच्या वर गेल्या तर एक इयत्ता मागचं पुस्तक घ्या. त्यात कमीपणा नाही. अवघड पुस्तकावर मूल अंदाजाने वाचायला लागतं, आणि ती सवय सुटायला वेळ लागतो.

गणितासाठी आठ-दहा उदाहरणं पुरतात, पण ती निवडून घ्यायला हवीत. वजाबाकीचं एक उदाहरण जवळून बघू. ५२ − २७ करायला दिलं आणि मुलाने ३५ लिहिलं. चूक काय झाली? मुलाने वरचा-खालचा न बघता ७ मधून २ वजा केले असतील. किंवा उसना दशक बरोबर घेतला, १२ मधून ७ वजा केले, पण ५ दशकांचे ४ करायला ते विसरलं असेल. दोन्ही वाटांनी उत्तर ३५ येतं, त्यामुळे या उदाहरणातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ६१ − २८ द्या. बरोबर उत्तर ३३. मोठ्यातून लहान वजा करण्याची चूक असेल तर ४७ येईल. दशक कमी करायला विसरलं असेल तर ४३ येईल. पहिल्या चुकीत मुलाला वजाबाकी म्हणजे काय तेच उमगलेलं नाही. दुसऱ्यात समज आहे, पण एक पायरी सुटते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. उदाहरण निवडताना एककांमधला फरक ५ येणार नाही एवढं पाहिलं तरी पुरे.

चौथीत जाणाऱ्या मुलाला ३०० − १४८ द्या. उत्तर १५२. कुणी २४८ लिहील, ती मघाचीच पहिली चूक. कुणी १६२ लिहील. त्याने शतक मोडून १० दशक केले, त्यातला एक एककांना दिला, पण उरलेले ९ हे मनात धरलं नाही. पाचवीत जाणाऱ्याला ६१८ ÷ ६ द्या. १०३ ऐवजी १३ आलं तर भागाकारातलं शून्य निसटलंय. अशा मुलाला आधी अंदाज करायला शिकवा: ६०० मध्ये ६ शंभर वेळा जातात, मग उत्तर १३ कसं असेल?

दुसरीत जाणाऱ्या मुलासाठी संख्यांचं श्रुतलेखन सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या भाषेत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७४ लिहितं. एकोणपन्नास ऐकून ५९ लिहितं, कारण कानाला 'पन्नास' लागतं. ही चूक हुशार मुलंही करतात. उपाय म्हणजे संख्येची फोड बोलून दाखवणं: सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात, आधी चाळीसचे ४, मग ७. एकोणपन्नाससाठी 'पन्नासला एक कमी' असं म्हणत संख्यारेषेवर ५० वर बोट ठेवून एक घर मागे यायचं. २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९ या सात संख्या वेगळ्या काढून रोज त्यातल्या तीन विचारा. ९९ ला मात्र आपण नव्व्याण्णव म्हणतो, ती या ओळीत बसत नाही, हेही सांगून टाका.

किती वेळ, किती दिवस

दुसरीत जाणाऱ्यासाठी रोज २० मिनिटं, तिसरीसाठी ३०, चौथी-पाचवीसाठी ४०. आठवड्यातले पाच दिवस. सहा आठवडे मिळाले तर ३० बैठका होतात आणि त्या पुरेशा आहेत. वेळ सकाळची ठेवा, आंघोळ-न्याहारी झाल्यावर, खेळ सुरू होण्याआधी. खेळातून ओढून अभ्यासाला बसवलं की पहिली दहा मिनिटं रुसव्यात जातात.

३० मिनिटांची बैठक साधारण अशी: ५ मिनिटं पाढ्यांची किंवा बेरजेची कार्डं, १० मिनिटं चार उदाहरणं, १० मिनिटं वाचन, ५ मिनिटं शब्द. मजकूर लिहिण्याचा दिवस असेल तर त्या दिवशी उदाहरणं दोनच.

शाळेने छापील अभ्यासपुस्तिका दिली असेल तर आधी पानं मोजा आणि ३० ने नाही, २५ ने भागा. आजारपण, पाहुणे, प्रवास यांत पाच दिवस जातातच. ७५ पानं असतील तर रोजची ३. सगळं शेवटच्या चार दिवसांवर ढकललं तर पुस्तिका भरते, पण डोक्यात काही राहत नाही. तीच तीच उजळणी एका दमात करण्यापेक्षा दिवसांमध्ये विखरून केली तर जास्त टिकते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. ज्या दिवशी थोडं विसरायला झालेलं असतं, त्या दिवशी आठवण्याचे कष्ट पडतात, आणि त्या कष्टांनीच ते पक्कं होतं. म्हणून तीन दिवसांनी विचारल्यावर मूल अडखळलं तर निराश होऊ नका, ती उजळणी योग्य वेळी आली आहे.

आकडेमोड

हातच्याची वजाबाकी काड्यांनी शिकवा. १०० काड्या, दहा-दहाचे गठ्ठे, प्रत्येकाला रबर. ६१ − २८ साठी मूल ६ गठ्ठे आणि १ सुटी काडी मांडतं. ८ सुट्या काढायच्या आहेत, पण सुटी एकच आहे. आता मुलाने स्वतः एका गठ्ठ्याचं रबर काढायचं. ५ गठ्ठे आणि ११ सुट्या झाल्या. त्याच क्षणी वहीत ६ वर काट मारून ५ लिहायचे आणि १ च्या जागी ११. काडी आणि काट एकाच वेळी झाली पाहिजे. हीच जागा बहुतेक घरांत चुकते. काड्यांचा खेळ आधी होतो, वही नंतर उघडते, आणि मुलाला त्या दोन वेगळ्याच गोष्टी वाटतात. 'शेजाऱ्याकडून उसने घे' हे वाक्य पाठ झालेलं मूल काय उसनं घेतलं ते सांगू शकत नाही. तीन-चार दिवस काड्या वापरल्या की मूल स्वतःच म्हणतं, आता नको. तेव्हा बाजूला ठेवा.

रोजच्या चार उदाहरणांत दोन हातच्याच्या वजाबाक्या, एक बिनहातच्याची आणि एक बेरीज ठेवा. सगळ्याच हातच्याच्या दिल्या की मूल न बघता काट मारत सुटतं आणि ६८ − २५ मध्येही गठ्ठा मोडतं. प्रत्येक वजाबाकीचा ताळा बेरजेने मुलानेच करायचा: ३३ + २८ = ६१. ताळा जमला नाही तर चूक त्याची त्यालाच सापडते, तुमच्या लाल पेनची गरज पडत नाही.

पाढ्यांचं दुखणं वेगळं आहे. आठाचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'आठ साते?' विचारलं की ते मनात आठ एके आठपासून सुरू करतं. पाढा गाण्यासारखा पाठ आहे, पण मधली ओळ सुटी हाताला लागत नाही. गुणाकार-भागाकाराला नेमकी तीच लागते. पाढे म्हणणं चालू ठेवा, ताल असतो तो उपयोगाचा आहे, पण त्याच्या जोडीला कार्डं करा.

२ ते ९ च्या पाढ्यांत, ७ × ८ आणि ८ × ७ एकाच कार्डावर घेतले तर वेगळे गुणाकार फक्त ३६ होतात. मुलाला हा आकडा सांगा. डोंगर वाटत होता तो एकदम छोटा होतो. ए-फोर आकाराचे पाच जाड कागद घ्या, प्रत्येकाला तीन घड्या घालून आठ तुकडे करा, ४० होतात. पुढच्या बाजूला '७ × ८, ८ × ७', मागे '५६'. बॉलपेनने लिहा. स्केचपेनची शाई पातळ कागदातून मागे उमटते आणि मूल गुणाकार न करता उत्तर उलटं वाचतं.

पहिल्या दोन दिवसांत सगळी कार्डं एकदा दाखवा. तीन सेकंदांत बरोबर उत्तर आलं ते दुसऱ्या पाकिटात, बाकीची पहिल्यात. पहिलं पाकीट रोज, दुसरं दर तिसऱ्या दिवशी, तिसरं आठवड्यातून एकदा. रोज १० कार्डं घ्या, त्यांत सहा-सात येणारी आणि तीन-चार न येणारी. सलग तीन बैठकांत बरोबर आलेलं कार्ड पुढच्या पाकिटात जातं. चुकलं की पुन्हा पहिल्यात. सगळीच न येणारी कार्डं एकदम समोर धरली तर चौथ्याच दिवशी मूल पाकीट लपवून ठेवतं. शेवटी सहा, सात, आठ यांच्यातले गुणाकार उरतात. ५६ साठी एक सोपी खूण आहे: पाच, सहा, सात, आठ; म्हणजे ५६ = ७ × ८.

वाचन

एकच उतारा चार दिवस वाचून घ्या. रोज नवा उतारा दिला की मूल रोज नव्याने अडखळतं आणि वाचन ओघवतं झाल्याचा अनुभव त्याला मिळतच नाही. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, मूल शब्दांवर बोट फिरवेल. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल एकटं, आणि तेव्हाच हवं तर घड्याळ लावा. तुलना त्याच्या कालच्या वाचनाशी, भावंडाशी नाही. वाचून झालं की पुस्तक मिटून तीन प्रश्न: कोण, काय झालं, का झालं? 'का' ला उत्तर आलं नाही तर वाचन जीभेनेच झालं आहे. दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद सावकाश.

अडलेल्या शब्दावर पाच सेकंद थांबा. मनात पाच मोजा, हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. आणि चूक झाली तरी वाक्य पूर्ण होऊ द्या, पुष्कळदा अर्थ जुळला नाही की मूल स्वतः मागे येतं.

मराठी वाचनात 'र' जास्तीत जास्त अडवतो, कारण तो चार वेषांत येतो: सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या. रफार तर डोळ्याला एका जागी दिसतो आणि उच्चारात दुसरीकडे येतो. 'कर्म' मध्ये तो 'म' च्या डोक्यावर आहे, पण म्हणायचा 'म' च्या आधी. 'कर्म' आणि 'क्रम' हे दोन शब्द शेजारी-शेजारी लिहा, मुलाला म्हणायला लावा, मग न बघता लिहायला सांगा. या एका जोडीवर रफार समजतो, पुढे चारही वेषांचे पाच-पाच शब्द पुस्तकातून शोधून काढायला सांगा. शोधणं मुलांना आवडतं.

शब्द आणि चार ओळी

रोज पाच शब्द, त्या दिवशीच्या उताऱ्यातलेच. पद्धत अशी: शब्द पाहा, झाका, लिहा, उघडून तपासा. चुकला तर चुकलेल्या अक्षराभोवतीच गोल करायचा आणि पुन्हा एकदा झाकून लिहायचा. एकच शब्द दहा वेळा लिहून घेण्याची जुनी शिक्षा सोडून द्या. तिसऱ्या वेळेनंतर हात चालतो, लक्ष नाही. आणि पहिल्या ओळीत चूक असेल तर मूल तीच चूक दहा वेळा पक्की करतं.

चौथी-पाचवीच्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घाचे दोन नियम सुट्टीत सहज देता येतात. शब्दाच्या शेवटी येणारी इ-उ दीर्घ: मुलगी, वाटी, वस्तू. आणि 'गरीब', 'फूल', 'मूल' अशा शब्दांत शेवटच्या अक्षराआधीची इ-उ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: गरिबाला, फुलाला, मुलाला. 'गुण', 'विष' यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत. एवढ्या दोन नियमांत वहीतल्या बऱ्याच चुका कमी होतात.

मजकूर लिहिणं आठवड्यातून दोनदा. दुसरीला दोन-तीन वाक्यं, तिसरीला चार-पाच, त्यापुढे आठ. 'माझी सुट्टी' असा विषय दिला की मूल पेन्सिल चघळत बसतं. काहीतरी बघायला-मोजायला द्या, लिहायला आपोआप सुचतं. उदाहरणार्थ सावली. वाळू भरलेल्या डब्यात ३० सेंटिमीटरची काठी उभी रोवा, दोऱ्याला खडा बांधून तो शेजारी धरा आणि काठी सरळ आहे का ते तपासा. काठी कललेली असेल तर सगळी मापं फसतात. सकाळपासून दर तासाला सावलीच्या टोकाला खूण, पट्टीने माप, वहीत वेळ आणि सेंटिमीटर. आकडे उतरत जातात, दुपारी सर्वात लहान होतात, मग चढतात. मोजमाप, तक्ता आणि 'असं का होतं?' हा प्रश्न एकाच कामात येतो. थर्माकोलचे देखावे आणि चिकटवह्या यांत बहुतेक काम मोठ्यांच्याच हातून होतं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा. आज पूर्णविराम, उद्या रफार. पूर्ण पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी तीनच वाक्यं लिहितं, त्यातही फक्त येणारे शब्द.

शाळेचा अभ्यास फार असेल तर

एकाच प्रकारची २० उदाहरणं असतील तर पहिलं, पाचवं, नववं, तेरावं आणि सतरावं सोडवून घ्या. पाचही बरोबर आली तर बाकीची राहू द्या आणि तसं पानावर लिहा. दोन चुकली तर थांबून त्या चुका बघा, पुढची पंधरा करून त्या सुधारणार नाहीत. असं करणार असाल तर आधी शिक्षकांशी बोला. शाळा उघडल्यावर नक्की काय तपासणार हेही विचारून घ्या. मुलासमोर 'शाळेला काही कळत नाही' असं मात्र बोलू नका, त्याला त्याच वर्गात वर्षभर बसायचं आहे.

पानामागे बक्षीस ठेवू नका. दोन पानांमागे काही मिळतं म्हटलं की मूल पानं संपवायला बसतं आणि उत्तरं कशीही येतात.

शेवटचा आठवडा

नवीन काही सुरू करू नका. झोपण्याची वेळ दर दोन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. एकदम दीड तास आधी झोपवलं तर मूल अंधारात टक्क जागं राहतं.

पहिल्या चाचपणीचा कागद काढा. तोच उतारा, आकडे बदलून तशीच उदाहरणं पुन्हा द्या आणि दोन्ही कागद मुलासमोर शेजारी ठेवा. मग अर्ध्या पानाची चिठ्ठी नव्या वर्गशिक्षकांसाठी तयार करा. त्यात चार गोष्टी लिहा: वाचनात १०० शब्दांमागे किती चुका, कोणते गुणाकार अजून पहिल्या पाकिटात आहेत, वजाबाकीत कोणत्या प्रकारची चूक अधूनमधून होते, आणि मुलाला मनापासून काय आवडलं. चिठ्ठी मुलाला वाचून दाखवा, त्याने काही सुधारायला सांगितलं तर सुधारा, आणि पहिल्या दिवशी त्याच्याच दप्तरात ठेवा.